उघाडीचा प्रश्न आणि माझं उत्तर

वाणी ही माणसाला सत्य सांगण्यासाठी मिळालेली देणगी आहे. हे वाक्य मी पनवेलच्या कॉलेजात, वक्तृत्व स्पर्धेत, छातीवर हात ठेवून म्हटलं आणि मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. स्पर्धक पाच होते, बक्षिसंही पाच.

परीक्षक असलेल्या मराठीच्या सरांनी नंतर बाजूला घेतलं. "विचार चांगले आहेत," ते म्हणाले, "पण तू तीनदा 'नाय' म्हणालास आणि एकदा 'आमी'. श्रोते विचार ऐकत नाहीत, हे ऐकतात." विचार निबंधांच्या पुस्तकातले होते, त्यामुळे त्यांचं मला काही वाटलं नाही. 'आमी'चं वाटलं. ते घरचं होतं.

पुढची दोन वर्षं मी खांदा कॉलनीतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून अग्रलेख मोठ्याने वाचले. शेवटच्या वर्षी पहिला आलो. त्या दिवशी मामा ऐकायला आला होता, गव्हाणच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातून, एसटीने. आई गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. भाषण कसं वाटलं, असं सरांनी त्याला विचारलं. "मना काय समजला नाय," मामा म्हणाला, "पन पोरगा कुटं थांबला नाय." त्याच्या लेखी ही तारीफ होती.

नोकरी लागली ती खाडीलगत भराव घालून गोदामं बांधणाऱ्या एका कंपनीत, जनसंपर्क विभागात. तिथे आम्हाला तीन दिवस बोलायला शिकवलं. प्रश्न आला की आधी 'चांगला प्रश्न आहे' म्हणायचं. मग तो आपल्या शब्दांत पुन्हा मांडायचा, म्हणजे तो जरा लहान होतो. 'नाही' म्हणायचं नाही, 'हो' तर मुळीच नाही. साहेबांनी वेगळं बोलावून आणखी एक सांगितलं. "गावात गेलास की गावासारखं बोल. त्यासाठीच घेतलंय तुला." जे शब्द काढून टाकायला मला दोन वर्षं लागली होती, ते कंपनीने पगार देऊन परत मागवले.

पुढचा भराव मामाच्या गावासमोर पडायचा होता. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून तिथे जुना बांध आहे आणि बांधात उघाडी आहे, म्हणजे लाकडी फळ्यांचं दार. ओहोटीला फळ्या वर करायच्या, शेतातलं पावसाचं पाणी नाल्यातून खाडीत जातं. भरतीला खाली टाकायच्या. गावातर्फे हे काम मामा करायचा. नकाशात त्या नाल्यावर निळ्या रंगाचं गोदाम होतं.

सभेच्या आदल्या दिवशी मी इंजिनिअरला विचारलं, "नाल्याचं काय करणार?"

"दोन पाइप टाकू."

"पुरतील?"

"तू बोलायचं बघ ना यार. पाइप माझ्याकडे."

सभा गावच्या समाजमंदिरात होती. सत्कार झाले, नारळ दिले, विकास या विषयावर तीन पाहुणे बोलले. मग मामा उठला.

"मना येकच सांगा. उघाडीसमोरचा नाला बुजवलात, तर पानी जाईल कुटं?"

साहेबांनी माईक माझ्याकडे सरकवला.

"चांगला प्रश्न हाय, मामा," मी म्हणालो. मागच्या बाकावर कोणी हसलं, "मामाचाच पोरगा हाय तो!" मी पाण्याच्या निचऱ्याबद्दल बोललो, तज्ज्ञांच्या समितीबद्दल बोललो, याच गावात भात खाऊन मोठा झालो हेही बोललो. चारेक मिनिटं झाली असतील.

"म्हंजे बुजवनार नाय?" मामाने विचारलं.

"मामा, गावाचा इचार केल्याबिगर आमी काय करू का?"

 मामा शेजाऱ्यांना म्हणाला, "पोरगा सांगतंय ना," आणि बसला. तो बसला म्हणून बाकीचे कोणी उठले नाहीत. साहेबांनी टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

भराव पडला. दुसऱ्या पावसाळ्यात उधाणाची भरती आणि मोठा पाऊस एकाच दिवशी आले, खारं पाणी बांधावरून शेतात उतरलं. मी कंपनीच्या गाडीतून बिस्किटांचे पुडे घेऊन गेलो तेव्हा दुपार होती, ओहोटी होती. मामा बांधावर उभा होता. फळ्या वर होत्या, त्यानेच उचलल्या होत्या, पण पाणी हलत नव्हतं. पलीकडे भरावाचा मुरूम होता आणि दोन पाइपांच्या तोंडांशी प्लॅस्टिक गुरफटलं होतं. पाणी आदल्या दिवसापासून घरांत होतं. दम्याची मामी माळ्यावर बसून होती. तिला होडीतून काढलं, आणि चौथ्या दिवशी ती हॉस्पिटलात वारली.

बांधावर मी मामाशेजारी जाऊन उभा राहिलो.

"बोल की कायतरी," तो म्हणाला. "तुला येतं."

मी बिस्किटांचा पुडा पुढे केला. त्याने तो घेतला, न फोडता बांधावर ठेवला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. शेतात मीठ बसलं, घराला कुलूप लागलं, तो उरणला मुलीकडे राहतो. मी गेलो की मुलगी दारातच सांगते, "दादा, ते झोपलेत."

मधल्या काळात मला बढती मिळाली. हल्ली कॉलेजंही बोलावतात, संवादकौशल्यावर. मुलं विचारतात, चांगलं बोलायला कसं शिकायचं? मी वाचन वाढवा म्हणून सांगतो.

नुकसानीच्या चौकशीत कंपनीने त्या सभेचं इतिवृत्त सादर केलं. ते मीच लिहिलं होतं. 'नाल्याबाबत एका ग्रामस्थाने शंका विचारली, तिचे निरसन झाले,' एवढीच नोंद आहे. खाली मामाची सही आहे. ती कुठे करायची, ते मी कागदावर बोट ठेवून दाखवलं होतं.