लॅटिन-ग्रीकच्या यादीतलं पहिलं नाव

मंडळी, आज डोकं जाम फिरलंय.

मी रियाधमध्ये डॉक्टर आहे. लॅटिन आणि ग्रीक हौसेनं शिकले. लेकीच्या भारतीय शाळेत दोन्ही भाषा फुकट शिकवते म्हटलं, तर पालकांचा एकच प्रश्न, "याला मार्क किती?" महिनाभरात नाव आलं एकच, आठवीतल्या सनाचं.

प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "डॉक्टरीतले कितीतरी शब्द लॅटिन-ग्रीकच ना? मग वर्गाला 'मेडिकल एन्ट्रन्सची तयारी' म्हणा ना." म्हटलं, निदान मुलं तरी येतील. वर्गाच्या नावाची पाटी बदलली आणि आज सकाळी यादी फुल्ल!

दुपारी सना आली आणि स्वतःचं नाव खोडून गेली. "आंटी, मुझे एग्झाम के लिए नहीं सीखना था."

पालकांवर चिडावं, तर पाटी मीच बदललेली. आता त्या भरलेल्या वर्गात मी शिकवू कुणाला, सांगा?