हॉलमधली अक्काची खोली

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. असणार कसा? आमच्या मित्रमंडळाला भुतं मीच पुरवत असे. सँकी टँकच्या तलावात मी एकदा पाहिलेली मगर तर सांगता सांगता दर वर्षी हातभर वाढत गेली... आता खरं सांगायची वेळ आली, तर ऐकायला कोणी बसत नाही. म्हणून लिहून पाठवतो आहे. जिथे मसाला घातला असेल, तिथे तसं सांगेन.

आमचं घर बंगळूरला, मल्लेश्वरममध्ये. छप्पन-सत्तावन सालीही ते जुनंच होतं. वर मंगळुरी कौलं, खिडक्यांवर लाकडी जाळीच्या टोप्या – मंकी-टॉप म्हणतात ते – आणि लाल सिमेंटची जमीन इतकी गुळगुळीत, की तिच्यात बघून मी मिशा कातरत असे. (हा मसाला.) घरात थोरले बंधू अण्णा, वहिनी, त्यांची लग्नाची मुलगी, मी, आणि आम्हा दोघांहून मोठी अक्का. ती विशीतच विधवा होऊन माहेरी आलेली. व्हरांड्यालगतची छोटी खोली तिची. दार बुटकं, वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. आणि घरची रीत अशी, की दाराशी थांबून "अक्का, येऊ का?" विचारायचं. आतून "सरी" – कानडीतलं 'बरं' – आलं की मगच वाकायचं. अण्णांनासुद्धा हा नियम होता. त्या खोलीच्या खिडकीतून अक्का सगळा रस्ता ओळखायची.

मुलीला बघायला मंडळी येणार, त्यांना बसवायला हॉल हवा, असं अण्णांनी ठरवलं. ओव्हरसियरला मात्र बजावलं, घराचा तोंडवळा बदलता कामा नये. कौलं तीच, खांब तेच, लाल जमीन तीच. फक्त अक्काची खोली हॉलमध्ये जाणार, आणि अक्का स्वयंपाकघरामागे, रगड्याशेजारच्या खोलीत. "तिथे ऊब असते," अण्णा म्हणाले.

ओव्हरसियरचा निळा नकाशा घरात कोणाला कळेना. अक्का म्हणाली, "गुंडू," – अण्णांना गुंडू म्हणायची हिंमत तिच्या एकटीचीच – "कागद राहू दे. अंगणात रांगोळीने काढते. चालून बघू."

ओव्हरसियर टेपने मापं देत गेला, अक्का ओणवी होऊन रांगोळी सोडत गेली. अख्खं घर खऱ्या मापाचं, दारांच्या जागी रेघ मोकळी. पाडायच्या भिंती काढायच्या नाहीत, असं त्याने सांगितलं. आपली खोली अक्काने आपल्याच हाताने वगळली.

मग आम्ही त्या घरात शिरलो. रेघ ओलांडायची नाही, दारातूनच जायचं! वहिनी कॉफी घेऊन आल्या. "अहो, हा हॉल की रेल्वे स्टेशन?"

"अक्का, बघ," अण्णा म्हणाले. "एक कौल बदलणार नाही."

"कौलं नशीबवान," अक्का म्हणाली.

"तसं नाही गं. ये ना, हॉलमध्ये ये."

अक्का सरळ चालत आली आणि हॉलच्या मध्यावर आपटल्यासारखी थांबली. कपाळ धरून खाली बसली.

"इथे भिंत आहे."

"अक्का, ती भिंत आपण काढली."

"तू काढलीस."

मी हसलो. त्या जागेवरून चार वेळा इकडून तिकडे गेलो, हात फिरवून पाहिला. नुसती हवा. पण तिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. लोकांना मी ते मोसंब्याएवढं सांगतो, पण होतं लिंबाएवढं. मीच चमच्याने दाबलं. अण्णा म्हणाले, ऊन लागलं असेल.

अक्का मागच्या खोलीत गेली. तिथून रस्ता दिसत नव्हता. हळूहळू, रस्त्याने कोण गेलं हे विचारायचंही तिने सोडलं. पुढच्या पावसाआधी ती गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. दिवसकार्य झालं, आणि मग भिंत पाडली.

हॉल सुरेख झाला. जुनेपण काय राखलंय, असं जो येईल तो म्हणे. मुलाकडची मंडळी आली, अण्णा हात जोडून पुढे झाले... आणि मध्यावर कपाळ आपटून मागे पडले. पाहुण्यांना वाटलं, चक्कर आली. पाहुणे स्वतः मात्र तिथून बिनधास्त ये-जा करत होते. लग्न जमलं. पण त्या आठवड्यात वहिनींना लागलं, मुलीला लागलं आणि हसणाऱ्या मलाही लागलं. गार, खरखरीत, चुन्याची भिंत. डोळ्यांना काही नाही.

आम्ही वळसा घालून चालायला लागलो. रिकाम्या हॉलमध्ये तुम्ही असे कडेकडेने का जाता, असं लोक विचारत. मी त्यांना काहीतरी थाप सांगे. एकदा अण्णांना म्हटलं, पुन्हा भिंत बांधून टाकू.

"आहे ती कुठे बांधतोस?" ते म्हणाले.

गेल्या दिवाळीत अण्णांची नात आली होती, नुकती चालायला लागलेली. अक्काला तिने पाहिलेलं नाही, तिच्यासमोर कोणी हा विषयही काढलेला नाही. हॉलमध्ये येऊन तिने तळहात हवेत टेकला आणि त्या आधाराने डुलत डुलत, जिथे दार होतं तिथवर गेली. वीतभर पोर ती, पण तिथे मान खाली घालून वाकली, आत गेली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी कॉफीकडे बघत राहिलो. अण्णा उठून गेले.

वाचकहो, कारण मला सापडलेलं नाही. मगरीचं असतं तर दिलं असतं.

अण्णा आता रिटायर झालेत. रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन ते हॉलच्या मध्यावर, दाराच्या जागी उभे राहतात आणि हलकेच विचारतात, "अक्का, येऊ का?" कधी वाकून आत जातात, खिडकीशी बसून रस्ता बघतात. आणि कधी बराच वेळ तसेच उभे राहतात, कॉफी निवते, आणि ते मागे फिरतात.