काळी वायर आधी

जेवण झालं की एरवी माझा लगेच डोळा लागतो. आज लागत नाहीये. मागच्या पत्र्याच्या शेडमधून खडखड ऐकू येतेय. केतकी, माझी मुलगी, तिच्या बाबांची गाडी सुरू करायच्या मागे लागली आहे. हे गेल्यापासून ती गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. सकाळी केतकीने नवी बॅटरी आणून बसवली, मघाशी कॅनमधलं ताजं पेट्रोल टाकीत ओतलं. आंघोळ करून आले की चावी फिरवते म्हणाली.

मी नको म्हणतेय ते काही उगाच नाही. यांच्या दहाव्याला सांगलीच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. दिरांनी सगळी आश्वासनं देऊन पाहिली, अगदी केतकीचं लग्न थाटात करू इथपर्यंत. कावळा आपला कठड्यावर बसून मान वाकडी करून बघतोय. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हटलं, तुमच्या गाडीला दुसरं कुणी हात लावणार नाही. कावळा लगेच खाली उतरला.

"शब्द तू कावळ्याला दिलास, बाबांना नाही," केतकी काल म्हणाली. तिला पलूसला नोकरी लागली आहे आणि रोज एसटीमागे धावायचा तिला कंटाळा आलाय. हट्ट बापाचाच.

खडखड थांबते. न्हाणीघरात नळ सुटतो. वर पंखा कुरकुरतोय. ती कुरकुर हळूहळू स्टार्टरसारखी वाटायला लागते. कर्र, कर्र, टक.

"सुलभा, जरा इकडे ये."

गाडी स्वयंपाकघरात उभी आहे, ओट्याला लागून. त्याचं मला काहीच नवल वाटत नाही. हे स्टिअरिंगवर बसलेत. अंगात तोच निळा शर्ट, जो मी माझ्या हाताने देऊन टाकला होता.

"सुरू होत नाहीये. बॉनेट उघड बघू."

गेलेल्या माणसाने बोलावलं तर जाऊ नये, मागितलं तर काही देऊ नये, हे आईने लहानपणीच माझ्या डोक्यात बसवलंय. मला भीती वाटतेय, आणि तरी माझे हात बॉनेट उघडतात. यांनी गाडीखालून हाक मारायची आणि मी पदर खोचून जायचं, संसारभर हेच तर केलं. आत उंदरांनी घर केलंय. त्यांना पळवायला मीच ठेवलेल्या तंबाखूच्या पानांचा त्यांनी छान बिछाना करून घेतलाय.

"बॅटरी?"

"नवी आहे."

"पेट्रोल?"

"ताजं ओतलंय."

"मग व्हायला पाहिजे सुरू," हे म्हणतात आणि चावी फिरवतात. टक.

मी मान वर करते तर आम्ही घाटावर आहोत. चाकांना पाणी लागलंय. टपावर कावळे ओळीने बसलेत, एकही ओरडत नाही. मागच्या सीटवर केतकी आहे, शाळेतली, दोन वेण्या घातलेली. काचेला डोकं टेकून झोपलीये.

"ती कशाला बसलीये?"

"फिरायला. किती दिवस मागे लागली होती."

"तिला खाली उतरवा, अहो."

"आता कुठे? होतच आलीये सुरू."

"मी तुम्हाला शब्द दिला होता. गाडीला कुणी हात लावणार नाही म्हणून. इथेच दिला होता, घाटावर."

"मला नाही ऐकू आलं," हे म्हणतात. "मी गाडीखाली होतो ना."

आवाज नेहमीसारखाच मऊ आहे. मी मागचं दार ओढते. उघडत नाही. काचेवर थापा मारते. केतकी जागी होत नाही. पाणी दारापर्यंत चढलंय. हे पुन्हा चावी फिरवतात आणि या वेळी इंजिन घुर्र करतं, एकदा थरथरतं, बंद पडतं. अजून एकदा फिरवली की सुरू होणार. मग हे तिला घेऊन जाणार.

माझ्या मुठीत काहीतरी गार लागतं. दहा नंबरचा पाना. कायम यांच्या खिशात असायचा, म्हणून मीच तो अस्थींबरोबर कृष्णेत सोडला होता. ओलाच आहे. मी बॅटरीवर वाकते. एक वायर लाल, एक काळी. कुठली सोडवायची ते मला कळत नाही.

"काळी आधी," हे काचेमागून म्हणतात. "कितीदा सांगितलंय."

रागावलेत की काय, चेहऱ्यावरून कळत नाही. मी सगळा जीव एकवटून पाना आवळून धरते आणि फिरवते.

"वास येत नाही का तुला?" हे विचारतात.

मला फक्त नदीचा वास येतोय. वायर सुटून हातात येते. सगळे कावळे एकदम उडतात.

"आई. आई, ऊठ ना."

केतकी दारात उभी आहे. केस ओले, चेहरा पांढराफटक.

"तू गाडीला हात लावलास का?"

"मी झोपले होते गं."

"चावी फिरवली तर साधा दिवापण लागला नाही. बॉनेट उघडलं तर बॅटरीची काळी वायर काढून बाजूला ठेवलेली. मी घट्ट बसवली होती आई. आणि खाली पेट्रोलचं हे एवढं थारोळं. उंदरांनी पाईप कुरतडलाय. वायर लावलेली असती तर…" ती माझ्याजवळ येऊन बसते.

मी तिला कुशीत घेते. तिच्या केसांना साबणाचा वास आहे. मी झोपेतच उठून शेडमध्ये गेले असेन, असं मी स्वतःला समजावते.

"कशाने बसवली होतीस वायर?" मी विचारते.

"पकडीने. घरात दहाचा पाना आहे कुठे?"

ती ओले केस मागे सारते. "पाईप बदलून घेते," ती म्हणते. "मग चालवू ना मी, आई?"

हे तिला न्यायला आले होते की वाचवायला, ते मला सांगता येत नाही. मी नुसतं "बघू" म्हणते. तिच्या पाठीवरचा उजवा हात काढून घेते, कारण तळवा केव्हाचा ठणकतोय. तळव्यावर दहाचा आकडा खोल उमटलाय, उलटा, शून्य आधी आणि एक नंतर. मी मूठ मिटून घेते, केतकीला दिसायच्या आत.