पेन्शनवरचं मत

सरकार घरबसल्या पैसे देतंय आणि बाई ते घेत नाही, ही गोष्ट चिंचवाडीच्या गळी काही उतरत नव्हती. इस्लामपूरच्या पोस्टातून बोलावणं यायचं, पाटलाचा निरोप यायचा, आणि मनुबाई आपली खुरपं घेऊन दुसऱ्याच्या उसात भांगलायला चालती व्हायची. पेन्शन घ्यायची म्हणजे आपला लाला मेला असं कबूल करायचं, एवढं तिला पक्कं समजलं होतं. ते समजायला शाळा लागत नाही.

लालासाहेब तिचा एकुलता एक. बाप पटकीच्या साथीत गेलेला, जमीन म्हणाल तर ओढ्याकाठचा एक चिंचोळा तुकडा. मिसरूड नीट फुटलं नव्हतं तेव्हाच लाला शेजारच्या शालूबाईच्या केरबाबरोबर खडकीला जाऊन भरती झाला, रस्ते-पूल बांधणाऱ्या पलटणीत. दोघं मिळून बोटीत बसले आणि दोघं मिळून सिंगापूरला उतरले. बेचाळीस साली सिंगापूर पडलं आणि दोन्ही घरांत एकसारखाच कागद आला, मुलगा बेपत्ता आहे म्हणून. पुढं लढाई संपत आली तेव्हा दुसरा कागद आला: आता त्याला मयत धरलं आहे, वारसानं पेन्शनसाठी अर्ज करावा.

शालूबाईच्या नवऱ्यानं तो कागद तुळईत खोचून ठेवला. त्यांचा ऊस चांगला होता, गुऱ्हाळ चालायचं, पेन्शनीवाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. मनुबाईचं अडलं होतं. उन्हाळ्यात ती एका वेळेला आंबील पिऊन राहायची. तरी तिनं अर्ज केला नाही.

"ज्या दिशी म्या अंगठा दिला त्या दिशी पोरगं मेलं," ती शालूबाईला म्हणायची. "तवर कुनाची छाती हाय त्येला मेला म्हनायची?"

आता नानासोचं सांगायला पाहिजे. नानासो तिचा भाऊकीतला दीर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट असता तर पुष्कळ सोपं झालं असतं, निदान पोटभर शिव्या देता आल्या असत्या. पांढरी टोपी घालून तो इस्लामपूरच्या सभांना जायचा, पुढच्या रांगेत बसायचा आणि गावात येऊन अर्धीच सभा पुन्हा करून दाखवायचा. पंचेचाळीस साल सरता सरता मुंबईच्या कायदेमंडळाची निवडणूक लागली, तेव्हा हा गडी छाती ठोकून सांगून आला की चिंचवाडीची मतं माझ्याकडं लागली.

परत येऊन बघतो तर चिंचवाडीत फारशी मतंच नव्हती. त्या वेळचा कायदा असा, की ज्याच्या जमिनीचा सारा ठरल्या रकमेच्या वर जाईल त्याला मत. ज्यानं मोठी परीक्षा दिली असेल त्याला मत. पलटणीतून सुटून आलेल्या शिपायाला मत. बाकीचं गाव राबायला होतं, भरतीला होतं, मताला नव्हतं. नानासोनं बोटं मोजली आणि त्याचं तोंड उतरलं. मग तालुक्याला कुणा वकिलानं त्याला कायद्यातली एक फट दाखवली: मेलेल्या शिपायाची बायको किंवा आई पेन्शन खात असेल, तर अर्ज केल्यावर तिलाही मत मिळतं.

त्याच संध्याकाळी नानासो मनुबाईच्या दारात हजर.

"वैनी, तुमाला मत मिळतंय!"

"काय मिळतंय?"

"मत. राज्य कुनी करायचं त्ये सांगायचा हक्क. पाटलाच्या बायकूला बी न्हाई, तुमाला हाय. निस्ता पेन्शनीच्या अर्जावर अंगठा दिला की..."

"मग नगं मला," मनुबाई म्हणाली आणि चुलीकडं वळली.

नानासो हिरमुसून गेला. पण महिन्याभरात तो सभेहून आला तो धावतच. दिल्लीला लाल किल्ल्यात सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडून आझाद हिंदमध्ये गेलेल्या शिपायांवर खटला उभा राहिला होता आणि सगळ्या देशात त्याचीच बोलणी होती.

"वैनी, सिंगापूरची पोरं जिती हायती! सरकारनं कोंडून ठेवल्यात. सभेत सांगितलं, आपलं सरकार आलं की पैल्यांदा त्यास्नी सोडवायचं."

मनुबाईच्या हातातली परात तशीच राहिली. "त्येच्यात लाला बी आसंल?"

"आसंल की! नसायला काय झालं?"

एवढंच. नसायला काय झालं. कोंबडी खुराड्यात असेल की नाही असं विचारल्यावर माणूस बोलतो तसं तो बोलून गेला. त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता, हे कबूल करायला हवं. सभेतून आलेल्या माणसाचा कशावरही विश्वास असतो.

"आपलं सरकार येतंय कशानं?" मनुबाईनं विचारलं.

"मतानं. एकेक मत लाखाचं हाय, वैनी."

ती म्हणाली, "म्हंजी भाऊजी, त्येला आनायसाटी आदी त्येला मारायचा?"

नानासोनं टोपी काढून पुन्हा घातली. पण पुढारी माणसाला फार वेळ गप्प बसता येत नाही. "कागदापुरतं वो! कागदावरचं मरान कुटं खरं आसतंय? पोरगं आलं की कागद फाडून टाकायचा."

त्यानंतर मनुबाईला अन्न गोड लागेना. भांगलताना ती पिकाचंच रोप उपटायची आणि मुकादमाच्या शिव्या खायची. अंगठा नाही दिला तर पोरगं तुरुंगात सडणार, आणि दिला तर आपल्या हातानं आपण त्याला मारणार. एकदा धीर करून तिनं शालूबाईला विचारलं, की तुझ्याकडं भाऊजी आले होते का?

"न्हाई बाई. आमच्या मालकाचं मत जमिनीवर हाय. माज्यावाचून कुनाचं अडलंय?"

म्हणजे दोघींची पोरं एकाच बोटीतून गेली, पण ऊस असलेल्या घरातल्या पोराला कुणी मारायला सांगितलं नाही. हे मनुबाईच्या मनात तेव्हा आलं नाही. आलं असतं तर पुढचं टळलं असतं की काय, कोण जाणे.

तिनं अंगठा दिला. इस्लामपूरच्या कचेरीत कारकुनानं अर्ज वाचून दाखवला. 'माझा मुलगा शिपाई लालासाहेब हा मयत असल्याकारणानं' असं त्यात होतं. "कागदापुरतं हां, सायेब," ती म्हणाली. कारकुनानं मान वर केली नाही, शाईची डबी तेवढी पुढं सरकवली. बाहेर आल्यावर तिनं अंगठा भिंतीवर घासला, मग मातीत घासला, मग लुगड्याला पुसला.

मतासाठी पेन्शन हातात घेतलेली लागते म्हणून पहिली रक्कम तिनं घेतली आणि तिथल्या तिथं नानासोच्या हातावर ठेवली. "ह्ये तुमी ठिवा. माज्या घरात नगं." नानासोनंही ती घरात ठेवली नाही. मतदानादिवशी गाड्यांचा खर्च होता, माणसांच्या खाण्याचा खर्च होता, त्यात ती गेली. उन्हाळ्याच्या तोंडाला चिंचवाडीचे सगळे मतदार तीन बैलगाड्यांतून इस्लामपूरला गेले आणि शाळेमागच्या लिंबाखाली बसून त्यांनी लालाच्या मरणाची भजी खाल्ली. मनुबाईनं खाल्ली नाहीत. तिचा त्या दिवशी उपास होता.

शाळेच्या खोलीत साहेबानं यादीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "मनुबाई, मयत शिपायाची पेन्शनर आई." मग कागद दिला. तिला वाटलं होतं, मत म्हणजे आपल्याला काय पाहिजे ते विचारतील. तिनं सांगायला तोंडही उघडलं.

"सायेब, माजा ल्योक सिंगापूरला..."

"बाई, इथं बोलायचं नसतं. खूण करा आणि पेटीत टाका."

तिनं खूण केली. पेटीत कागद टाकताना ती पेटीशीच हळूच पुटपुटली, "लालासायेब म्हनत्यात त्येला. उजव्या भिवईवर खोक हाय." मागची माणसं हसली. पुढं कितीतरी दिवस लिंबाखालच्या भज्यांबरोबर ही गंमतही गावात चघळली गेली.

पाडव्याच्या सुमारास आपलं सरकार आलं. गावात गुढ्या उभ्या राहिल्या, नानासोनं पेढे वाटले. मनुबाई दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात गेली.

"भाऊजी, आलं न्हवं आपलं सरकार?"

"आलं की."

"मग?"

"थांबा वो जरा. राज्याचा कारभार हाय, एका दिसात हुतोय व्हय?"

ती थांबली. आठवड्यानं गेली, पुन्हा गेली. मग मग नानासोची बायको आतूनच सांगायला लागली, की ते मळ्याकडं गेल्यात. नानासोच्या वहाणा तेव्हा उंबऱ्यापाशीच असायच्या. मनुबाई त्या वहाणांकडं बघायची आणि परत यायची. ती भांडली असती तर बरं झालं असतं. पण ज्याच्या शब्दावर आपण एवढं मोठं काम केलं, तो खोटा निघाला म्हणायचं तर मग आपण काय केलं? त्या प्रश्नाच्या जवळ जायचं तिचं धाडस होत नव्हतं.

आखाडात केरबा आला. गालफडं बसलेली, पुढचे दात पडलेले, पण केरबाच. हलगी वाजली, शालूबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, साऱ्या गावानं त्याला हात लावून बघितलं. मनुबाई भिंतीला टेकून उभी होती. गर्दी पांगल्यावर ती पुढं झाली. तिनं काही विचारायच्या आधीच केरबानं खाली बघितलं.

"काकू, पैलं साल आमी संगटच हुतो. मग जपान्यांनी त्येला जहाजात घालून कुटल्या बेटावर न्येला. मला न्हाई न्येला."

"तू बगितलंस त्येला मेल्यालं?"

"न्हाई, काकू."

"मग?"

"तिकडनं कुनीच माघारी आलं न्हाई."

ते जहाज तिच्या अंगठ्याच्या कितीतरी आधी सुटलेलं होतं. लाला जो गेला तो तेव्हाच, त्या बेटावर किंवा वाटेत समुद्रात. कचेरीतल्या शाईनं कुणी मरत नाही. हे तिला कुणीतरी बसवून नीट सांगायला पाहिजे होतं. कुणी सांगितलं नाही. उलट नदीवर धुणं धुताना बायका बोलल्या, "जिनं पेन्शन न्हाई घ्येतली तिचं पोरगं बगा कसं आलं." मुद्दाम टोचायचं म्हणून बोलल्या नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि मनुबाईला तर त्यांच्याही आधी तसं वाटलेलं होतं. त्यानंतर ती पेन्शन आणायला पुन्हा कधी गेली नाही. नानासो एकदा तावातावानं म्हणाला, "तुमी लईच मनाला लावून घ्येता बगा, वैनी."

देश स्वतंत्र झाला. अठ्ठेचाळीस साली सरकारनं सगळ्या मोठ्या माणसांची नावं मतासाठी घरोघर फिरून लिहायला काढली. त्या कामावर तालुक्याहून एक मास्तर आले. बरोबर नानासो होता. आता गावातली कुठलीही गोष्ट त्याच्यावाचून होत नव्हती. मास्तर सकाळपासून घायकुतीला आले होते. वरून हुकूम होता की बाईचं स्वतःचं नाव लिहायचं, अमक्याची आई नि तमक्याची बायको चालणार नाही. आणि चिंचवाडीतल्या बायका तर एवढंच सांगत होत्या. पोर झाल्यापासून त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी हाक मारली नव्हती, आणि ती हाक सोडून द्यायला त्या तयार नव्हत्या.

मनुबाईच्या दारात मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले, "घरात एकवीस वर्षांवरचं कोण कोण आहे?"

"माजा ल्योक हाय. लालासायेब. सव्वीस सरलं त्येला."

नानासो घाईनं पुढं झाला. "मयत हाय मास्तर. पेन्शन झालीया."

"कागदापुरतं म्हनला हुता तुमी, भाऊजी."

"तवा म्हनलो आसंन," नानासो म्हणाला.

मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. "बाई, मेलेल्याचं नाव घालता येत नाही. तो मयत आहे असा अंगठा कुणी दिला होता?"

"म्या."

"मग झालं तर."

मनुबाईनं विचारलं, "आता मत कशावर मिळतंय, मास्तर?"

"कशावरच नाही. वय झालं की मिळतं. जमीन नको, पेन्शन नको, काही नको."

"काईच नगं?"

"काहीच नको."

ती नानासोकडं वळली. "आनि दोन सालं थांबला आसता तर चाललं नसतं व्हय, भाऊजी?"

नानासो बोळाच्या टोकाकडं बघायला लागला. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"बरं, तुमचं नाव सांगा," मास्तर म्हणाले. "आणि कुणाची आई म्हणून सांगू नका, कान किटले माझे."

"मनुबाई."

मास्तरांनी चमकून वर बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "शाब्बास! सबंध गावात ही एक बाई भेटली, फटदिशी स्वतःचं नाव सांगणारी. नानासो, बाकीच्या बायकांना म्हणावं, हिच्याकडून शिका."

"नगा शिकू म्हनावं," मनुबाई म्हणाली. "लालाची आई आसते तर म्या अंगठा दिला नसता."

मास्तरांना ते कळलं नाही. त्यांनी नाव लिहून घेतलं आणि ते पुढच्या दाराशी गेले. शालूबाई पदर सावरत बाहेर आली. नाव विचारल्यावर तिनं सांगितलं, "केरबाची आई," आणि मास्तर तिला पुन्हा पहिल्यापासून कायदा समजावून सांगायला लागले.