फद्वानं खाली ठेवलेला पेला

परातीत निम्म्या कूसा कोरून झाल्या होत्या, निम्म्या तशाच पडल्या होत्या. त्या कोवळ्या हिरव्या भोपळ्यांना आतून पोखरायचं, साल फाटू द्यायची नाही, मग तांदूळ-खिमा भरायचा. फद्वाचा हात त्यात बसलेला. पण दीर स्वयंपाकघराच्या दारातून जे बोलला ते ऐकलं आणि कोरणी सालीतून आरपार गेली.

"शुक्रवारी, तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर," अबू नायफ म्हणाला. "हाज मिथ्काल नातवासाठी मयारला मागणी घालायला येताहेत. सगळी बिरादरी घेऊन. मयारला बोलावून घ्या, घैसच्या आई." मयार फद्वाची लेक; पण बाईला हाक मुलाच्याच, घैसच्या, नावानं मारायची रीत.

"शुक्रवारी मयारचा सामना आहे."

"ठाऊक आहे हो. पण ती बाकावरच तर बसते!"

बसत होती. आशियाई बास्केटबॉलच्या पात्रता फेरीसाठी मुलींचा संघ अम्मानला होता, आणि आजवरच्या सामन्यांत मयारनं टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्याच पुढे केल्या होत्या. पण काल चेंडू पुढे नेणाऱ्या मुलीचा घोटा मुरगळला. प्रशिक्षक बाईंनी मयारला सांगितलं, शुक्रवारी लेबनॉनविरुद्ध सुरुवातीपासून तू. जिंकलं तर मुख्य स्पर्धा, हरलं तर घर. "यम्मा," पोरगी फोनवर रडत-हसत म्हणाली होती, "जर्सीखाली घालायच्या माझ्या पांढऱ्या बाह्या उसवल्यात, नव्या आण. सगळ्यांच्या एका रंगाच्या लागतात, नाहीतर पंच उतरू देत नाही."

"भावजी, तुम्ही हो म्हणालात कसे? मला विचारलंत? तिला विचारलंत?"

अबू नायफ परातीकडे बघत राहिला. मग हळूहळू बाहेर आलं. हाज काल बैठकीत आले. कॉफी दिली. त्यांनी पेला न पिता समोर ठेवला. पाहुण्यानं पेला असा ठेवला की समजायचं, काही मागायचंय. यजमानानं आधी विचारायचं, काय काम काढलंत? पण एवढा मोठा माणूस आपल्या दारी आला म्हणून हा हुरळून गेला आणि म्हणाला, "प्या, हाज! मागाल ते दिलं!" हाज प्याले, मिशी पुसली आणि मग मागितलं.

"काय मागताहेत ते न ऐकता?"

"मला वाटलं, पाण्याच्या टँकरचं काहीतरी असेल."

"टँकर समजून माझी पोर दिलीत!"

"मुलगा चांगला आहे, वहिनी."

"असेल. लग्नाचं मयार ठरवेल. मी शुक्रवारचं बोलतेय."

मयारचा बाप गेल्यापासून हा माणूस घरचा मोठा झाला होता. पोरगी गल्लीत चेंडू आपटायची तेव्हा यानंच खिडकी लावून घेतली होती, आणि पेपरात फोटो आला तेव्हा न्हाव्याच्या दुकानात तोच मिरवला होता. फद्वाला सगळं आठवलं. तिनं परात त्याच्याकडे ढकलली.

"उरलेल्या कोरा. फाटतील त्या तुम्हीच खायच्या."

हातपाय धुऊन, वुजू करून ती नमाजला उभी राहिली. एरवी सजद्यात कपाळ टेकलं की तिचा राग उतरायचा. आज कानशिलं तापलेलीच राहिली. "या रब," ती पुटपुटली, "हा राग आत्ताच काढून घेऊ नकोस. वापरून झाला की घे."

हाजच्या घरी ती बायकांच्या खोलीकडे वळली नाही. थेट पुरुषांच्या बैठकीत गेली, सलाम करून बसली. हाजची बायको उम्म सालेह गडबडली, पण पाहुणीला कॉफी दिलीच. फद्वानं पेला समोर जमिनीवर ठेवला.

उम्म सालेहनं तोंडावर हात नेला. "अगं, हे पुरुषांनी करायचं असतं!"

"माझ्या घरातला पुरुष कबरीत आहे. दुसरा कूसा कोरतोय."

हाज मिथ्काल अबू नायफसारखे उतावळे नव्हते. पेल्याकडे बघत म्हणाले, "काय हवंय?"

"शुक्रवार. त्या दिवशी माझी मुलगी खेळणार आहे. नंतर या. पण आधी तिला विचारीन, मग कॉफी उकळीन."

"दीरानं शब्द दिलाय तुमच्या."

"न ऐकता दिला. तुम्ही ऐकवलंही नाहीत."

हाजचा चेहरा लाल झाला. "लोकांना निरोप गेलेत, बाई. बकरे सांगून ठेवलेत."

"बकरे थांबतील. लेबनॉनच्या मुली थांबायच्या नाहीत."

"हाज," उम्म सालेह खालच्या आवाजात म्हणाली, "आपल्या दारातून बाई पेला तसाच ठेवून उठली, तर मी गल्लीत कुठल्या तोंडानं फिरू?"

हाजनी जपमाळेचे मणी एकेक करून सरकवले.

"प्या, घैसच्या आई."

"मयारची आई," फद्वा म्हणाली. "थोरली ती आहे."

हाजनी बायकोकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "प्या, मयारच्या आई. शुक्रवार तुमचा."

कॉफी गार आणि कडूजहर झाली होती. तिनं एका दमात संपवली. आभार मानले नाहीत.

रस्त्यावर आली तरी राग तसाच होता. पोर स्वतःच्या पायांवर धावणार, तिचं नाव तिनं घाम गाळून मिळवलेलं, आणि तिचा एक दिवस आईनं दुसऱ्याच्या सतरंजीवर बसून मागायचा! मागितल्यावर मिळाला, म्हणून का गोड मानायचं? अल्लाहनं दिलेला दिवस हाज मिथ्कालचा झाला कधी?

ती चढावरून भराभर उतरू लागली. बाजार बंद व्हायच्या आत मयारसाठी पांढऱ्या लांब बाह्या घ्यायच्या होत्या.