देवाची घोडी

घोडा म्हटलं की शिकल्यासवरल्या माणसांच्या डोळ्यांपुढे तलवार, फेटा आणि उडालेली धूळ येते. आम्हा मेंढपाळांच्या घरात घोडं म्हणजे चार पायांवर चालणारं बिऱ्हाड. पाठीवर पालाचं कापड, पितळी हंडा, पिठाची पिशवी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर कुणाचं तरी रडकं पोर. पुढे दोर धरून बाई चालायची, पुरुष मेंढरांमागे. घोड्यावर बसून मिरवणारा माणूस आमच्यात एकच होता आणि तो शहाणा म्हणजे मी.

हे आता ऐंशीच्या घरात पोचल्यावर लिहितोय. लिहून काही हलकं होईल अशी आशा नाही. लहानपणी पाय मोडला म्हणून दोन-तीन वर्षं मामाकडे राहिलो आणि चार इयत्ता शिकलो, एवढंच माझं शिक्षण. ते चिठ्ठ्या वाचायला आणि बढाया मारायला पुरलं.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, सांगोल्याच्या पश्चिमेला. दसरा उलटला की माळावर कुसळंसुद्धा उरत नसत. मग आमचा वाडा निघायचा. एकत्र चालणाऱ्या दहा-बारा घरांना आम्ही वाडा म्हणतो, त्याला भिंती-बिंती काही नसतात. घाट उतरून आम्ही कोकणात जायचो. तिथली भातकापणी तोवर झालेली असायची. शेतकरी खतासाठी आमची मेंढरं शेतात बसवून घेत आणि बदल्यात भात देत. शिमग्यापर्यंत तिकडे राहायचं आणि पाऊस लागायच्या आत माघारी फिरायचं, हा आमच्या आज्या-पणज्यांपासूनचा रिवाज.

घोडी मी सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून आणली. सन तीसला सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला ओझ्याचं तट्टू आणायला पाठवलं होतं. मी तांबड्या रंगाची, लांब पायांची, नुसती हात लावला तरी कातडी थरथरवणारी घोडी घेऊन आलो. आबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ही काय वझं वाहायची न्हाय लेका. ही तुला वाहनार. आन मेंढरं कोन राखनार, तुजा मामा?"

सगळा वाडा हसला. माझी बायकोही पदराआड हसली. मला राग आला, पण घोडी परत केली नाही.

कोकणात मी तिच्यावर खरा बसायला शिकलो. आमच्या माळावर घोडं कुठंही न्या, फार तर ठेच लागेल. तिकडे डोंगराच्या माथ्यावर काळ्या-तांबड्या जांभ्या दगडाचे सपाट सडे पसरलेले. वरून दिसतात परातीसारखे, आणि पाऊल टाकलं की खड्डा. सड्याच्या कडेवरून वाट घसरत खाली खाडीला आणि समुद्राला जायची. पहिल्या वर्षी मी दोनदा पडलो. मग कळलं की तिथं आपण घोडीला चालवायचं नसतं, दोर सैल सोडून गप्प बसायचं असतं. माझ्यासारख्याला गप्प बसणं अवघड, पण जमलं. खोगीर आमच्याकडे नव्हतंच. घोंगडं चौपदरी करून टाकायचं आणि मांड्यांनी धरून बसायचं.

सड्याच्या टोकाला उभं राहिलं की खाली पाण्यात जुना किल्ला दिसायचा, त्याच्या तटावर माड उगवलेले. शिमग्यात गावोगावी देवाच्या पालख्या नाचायच्या आणि त्या गावांतली माणसं आम्हा परक्यांच्या हातावरही नारळाचा तुकडा ठेवायची. मी हे सगळं घोडीवरून पाहिलं, आणि माझ्या पुढ्यात बसून माझ्या पोरीनं पाहिलं. ती तेव्हा तीन वर्षांची होती. आमचं पहिलं आणि तोवर एकच मूल. तिला पायी चालायचा भारी कंटाळा. मी घोडीजवळ गेलो की ही दोन्ही हात वर करून उभीच. आयाळ मुठीत धरायची आणि घोडीला माझ्याच आवाजात शिव्या द्यायची. बायको म्हणायची, "पोरीला बिगडवून ठिवली तुमी. उंद्या सासरी काय घोड्यावर बसून पानी आननार हाय का?"

दुसऱ्या वर्षी शिमग्याच्या आधी पोरीला ताप भरला. तिकडचा हिवताप आम्हाला नवा नव्हता, वाड्यात दरसाल दोघं-तिघं कुडकुडायची आणि उठायची. हिचा ताप उतरेना. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे वर गेले, दातखीळ बसली आणि अंग लाकडासारखं ताठ झालं. बायका रडू लागल्या. आबांनी भंडाऱ्याची पिशवी काढली आणि माझ्या हातात दिली. खंडोबाला नवस बोलायचा तो बापानं.

"बकरं बोल," आबा हळूच म्हणाले. "जमंल त्येच बोल."

आता माझा स्वभाव असा की मला थोडक्यात काही करताच येत नाही. आमच्यात समज होता की देवाला आवडती वस्तू दिली तर देव लवकर ऐकतो, आणि माझी आवडती वस्तू सगळ्या वाड्याला ठाऊक होती. खोटं का बोलू, सगळे बघत होते हेही मला कळत होतं. मी मूठभर भंडारा घोडीच्या कपाळाला फासला आणि मोठ्यानं म्हणालो, "पोर उठू दे, ही घोडी तुजी."

आमच्यात एकदा जनावर असं देवाला बोललं की त्यावर ओझं टाकत नाहीत आणि मांडही टाकत नाहीत, म्हणजे वर कुणी बसत नाही. गावी परतल्यावर ते खंडोबाच्या ठाण्यावर नेऊन सोडायचं, तोवर नुसतं सांभाळायचं. हे मोडलं तर देव दिलेलं परत घेतो, असं सगळे मानत, आणि मीही मानत होतो. आबांनी मान हलवली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

आणि पोर उठली. संध्याकाळी घाम आला, ताप गेला, दुसऱ्या दिवशी तिनं पेज मागितली. मी वाड्यातून छाती काढून फिरलो. ज्याला त्याला सांगितलं की बकऱ्यानं हे झालं नसतं. ते दोन दिवस मी आयुष्यात सगळ्यात जास्त सुखी होतो आणि आज त्यांचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तोवर त्या गावच्या शेतांत मेंढरं बसवून झाली होती. वाड्याला पुढच्या गावी जायचं होतं. पोर अशक्त होती म्हणून आबा म्हणाले, "तुमी दोघं हितं ऱ्हावा. पोरीला जरा बळ आलं की या." मेंढरं गेली, ओझ्याची सगळी तट्टं गेली. सड्यावर आमचं एक पाल राहिलं, आम्ही तिघं आणि जिच्यावर काही टाकता येत नव्हतं ती घोडी.

दुसऱ्या दिवशी पहाटे पोर पुन्हा तापली. उजाडेपर्यंत ती आम्हाला ओळखेनाशी झाली. खाडीकाठच्या तालुक्याच्या गावात सरकारी दवाखाना होता, डॉक्टरही होता. आमच्या पालापासून पाच कोस. घोडीवर बसलो असतो तर न्याहारीच्या वेळेला पोचलो असतो. पायी, त्या दगडांतून, पोर घेऊन, म्हणजे दुपार.

मी घोंगडं उचललं आणि घोडीच्या पाठीवर टाकलं. बायकोनं येऊन दोर धरला.

"देवाची हाय ती," ती म्हणाली.

"दवाखान्यात न्यायाची हाय पोर. दुसरं काय हाय आपल्यापाशी?"

"त्यानं येकदा दिलीया तिला. आता त्याच्याच जनावरावर पाय टाकायचा? अवो, त्यो बगतोय. चालत जाऊया. मी घिऊन चालते, तुमी दमला तर."

तिचे डोळे बघून कुणालाही वाटलं असतं की ही बाई हट्टी आहे. ती हट्टी नव्हती, भ्यालेली होती. मी घोंगडं खाली घेतलं. पोरीला झोळीत घालून पाठीशी बांधलं आणि निघालो. घोडीला एकटं ठेवता येत नव्हतं, म्हणून तिचा दोर बायकोनं घेतला. पुढे मी पोर घेऊन वाकलेला, मागे रिकाम्या पाठीची धडधाकट घोडी. वाटेत एक लाकूडतोड्या भेटला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं आणि वाट सोडून बाजूला झाला.

ऊन चढलं तसा जांभा तापला. माझ्या वहाणेचा अंगठा तुटला, ती फेकून दिली. मधेच पोर शुद्धीवर आली. पाठीमागून तिचा आवाज आला, "घोडीवर." मी म्हटलं, "उंद्या बसू हां." तिनं पुन्हा म्हटलं. मी पुन्हा तेच सांगितलं. नंतर ती बोलली नाही.

अर्ध्यावर, सड्याच्या कडेला, तिला पुन्हा झटका आला. झोळीतून तिच्या टाचा माझ्या पाठीवर आपटू लागल्या. मी झोळी सोडून तिला पुढ्यात घेतलं. तोंडाला फेस होता. बायकोकडे न बघता मी तिच्या हातातला दोर ओढून घेतला आणि उघड्या पाठीवर चढलो. ती तिथंच दगडावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

ती घोडी त्या दिवशी जशी धावली तशी कधीच धावली नव्हती. त्या घसरड्या उतारावर तिचं एक पाऊल चुकलं नाही. दरडीवरून, करवंदीच्या जाळ्यांतून, वाळूत उतरून खाडीच्या कडेकडेनं ती सुटली. वारा तोंडावर येत होता, डावीकडे पाणी चकाकत होतं. एवढंसं का होईना, क्षणभर का होईना, मला बरं वाटलं. पोटची पोर मरायला टेकली असताना मला घोडीच्या धावण्याचा आनंद झाला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर जेवायला उठणार होते, मला बघून थांबले. भला माणूस. त्यांनी पोरीला बाकावर घेतलं, सुई दिली, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवायला लावल्या. मग खिडकीतून बाहेर पाहिलं. घोडी पिंपळाला बांधलेली, फेसानं पांढरी झालेली.

"ताप कधीपासून चढलाय?"

"पहाटेपासून."

"घोडं होतं ना तुमच्याकडे? मग इतका उशीर का केलात?"

मी खाली मान घालून पट्टी बदलली. थोड्या वेळानं त्यांनी माझ्या हातातून ती पट्टी काढून घेतली आणि पोरीच्या तोंडावर चादर ओढली.

बायको चालत पोचली तेव्हा दिवस कलला होता. ती आधी पिंपळाखाली थांबली. घोडीच्या पाठीवर वाळलेला घाम होता, कपाळावरचा भंडारा वाहून गेला होता. तिथंच तिला सगळं कळलं. मग ती आत आली.

पोरीला आम्ही समुद्राच्या वरच्या अंगाला पुरलं. त्या परक्या मातीत खणायला दगडच दगड. पुढच्या साली गेलो तेव्हा ती जागासुद्धा नक्की सापडली नाही.

गावी आल्यावर आबांनी निकाल दिला, "मांड पडल्यालं जनावर देवाला चालत न्हाय. आन आपल्याला त्ये वापरता येत न्हाय." घोडी ना देवाची राहिली ना आमची. म्हातारी होऊन मरेपर्यंत ती वाड्यामागे रिकामी चालत होती. तिच्यावर कुणी बसलं नाही, कुणी तिला मारलं नाही, आणि पोरंबाळं तिच्या जवळ जाऊ दिली नाहीत. मी पुन्हा कुठल्याच घोड्यावर बसलो नाही.

पुढे आम्हाला दोन मुलगे झाले. संसार झाला. त्या दिवसाबद्दल आम्ही नवराबायको चाळीस वर्षांत एक शब्द बोललो नाही. वाड्यातल्या बायका म्हणत, यानं देवाच्या घोडीवर पाय टाकला म्हणून पोर गेली. मला वाटे की बायकोही तेच धरून बसली आहे. आणि मी मनात धरून होतो की हिनं दोर धरला म्हणून पोर गेली. भांडण नाही, तंटा नाही. तिनं वाढायचं, मी जेवायचं.

ती शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली होती तेव्हा एका दुपारी घरात दुसरं कुणी नव्हतं. मी पाणी पाजलं. तिनं माझं मनगट धरलं.

"मी दोर धराया नगं हुता," ती म्हणाली. "तुमी निगाला हुता. मी आडवलं. पोर वाचली असती, व्हय की न्हाय?"

खरं काय ते मला ठाऊक होतं. त्या सकाळी तिनं दोर धरला तेव्हा माझ्या जिवात जीव आला होता. मी तिच्याहून जास्त भ्यालो होतो. घोंगडं मी टाकलं, पण तिनं अडवलं नसतं तरी मी पाय टाकला नसता. कुणीतरी थांबवावं म्हणूनच मी घोंगडं सावकाश टाकत होतो. एवढं एक वाक्य बोललो असतो तर बाई सुटली असती.

तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मी भांडं खाली ठेवलं, तिचा हात सोडवला आणि बाहेर येऊन ओट्यावर बसलो. चौथ्या दिवशी ती गेली, दोर आपणच धरला म्हणून पोर गेली असं मानत.