एका तोंडाची गल्ली

"सरका जी जरासे."

पांढुर्ण्यात आमच्या गल्लीची सकाळ या तीन शब्दांनी उघडायची. ती नगरपालिकेची झाडूवाली बाई. उजव्या हातात खराटा, डावा हात कमरेवर. समोर मास्तर असो की बकरी, बोलणं एकच. आवाज चढवायची नाही, पण तुम्ही सरकेपर्यंत जागची हलायचीही नाही. तुमच्या गल्लीतही अशी कोणी असेल, आठवून पाहा.

एकदा रस्त्याच्या मधोमध सांड बसला होता. त्यालाही ती तेच म्हणाली आणि उभी राहिली. मी माझ्या ओट्यावरून म्हटलं, "बाई, त्याले का समजते?"

"तुमच्यापेक्षा लवकर समजते, मिस्त्रीबाबा."

आणि सांड उठला.

मी गवंडी. शाळा दुसरीपर्यंत, पण सही करतो, अंगठा देत नाही. गल्लीतली अर्धी घरं माझ्या हातची. माझा ओटा काळ्या फरशीचा, रस्त्यात दोन हात पुढे आलेला. बांधला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, मीही कोणाला विचारलं नव्हतं. ती जाताना जय भीम म्हणायची, मी राम राम म्हणायचो. वीस वर्षं एवढीच ओळख.

मग लॉकडाऊन लागला. आमची गल्ली म्हणजे स्टेशनकडे जायची चोरवाट, दिवसभर मोटारसायकली. तिच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवे बांधले. आम्ही घाबरून दारं लावून बसलो. ती मात्र रोज यायची. चौथ्या की पाचव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा आली आणि रस्त्याकडे पाहत उभी राहिली.

"का झालं, बाई?"

"काई नाई जी. सकाळी झाडलं ते अजून झाडलेलंच हाय. असं कधी पाह्यलंच नाई." मग खाली पाहून म्हणाली, "लोक मरून राहिले अन् मले बरं वाटून राह्यलं. पाप लागन का जी?"



त्या उन्हाळ्यात धूळच नव्हती. बायकांनी वाळवणाच्या कुरोड्या, पापड, सरगुंडे छतावरून खाली आणले आणि रस्त्यावर खाटा टाकून लुगड्यांवर पसरले. पलीकडची म्हातारी, जिला धड दिसत नाही, ती भिंतीला हात लावत गल्लीच्या टोकापर्यंत एकटी जाऊन आली. मोहगावकडचा एक शेतकरी संत्र्यांचा ठेला आणायचा, कारण बाहेरचे व्यापारी यायचे बंद झाले होते. त्याच्यासमोर अंतर ठेवून उभं राहायला चुन्याचे गोल काढायचं काम तिच्याकडेच आलं. तिनं गोल काढले भर उन्हात. मी हसलो.

"थांबा जी," ती म्हणाली. "लोकायचा नंबर येईन तंवर सावली तिथंच येते."

आली. वीस वर्षं झाडून तिला आमच्या गल्लीची सावली पाठ झाली होती. एवढं मोजमाप मलाही जमलं नसतं, आणि हे मी सहसा कोणाबद्दल म्हणत नाही.

बांबू काढायची वेळ आली तेव्हा तिच्या डोक्यात एक गोष्ट बसली. स्टेशनकडचा बांबू राहू द्यायचा, तेवढं तोंड बंद, म्हणजे मोटारसायकली बंद. ती स्वतः नगरपालिकेत गेली. तिथला बाबू म्हणाला, एक तोंड बंद केलं तर दवाखान्याची गाडी आत वळली पाहिजे. वळायला जागा एकच, मिस्त्रीच्या घरासमोर, आणि तिथं ओटा आडवा येतो. ओटा मागे घ्या, घरोघरच्या सह्या आणा, मग पाहू.

ती कागद घेऊन दारात आली.

"मिस्त्रीबाबा, दोन हात मांगं घ्या जी."

"ओटा का खाट हाय, मांगं घ्याले?"

"तुमीच बांधला. कुठून तोडाचा तुमालेच समजते."

"माह्या हातचं काम मी आजवर तोडलं नाई. अन् तुले कायले पायजे? तुह्यं घर तं इथं नाई."

"माही उमर इथं गेली न जी."

तीनदा आली. तिसऱ्यांदा कागद उघडून दाखवला. सगळ्यांच्या सह्या, अंगठे. मधे एक जागा कोरी.

"ही तुमची हाय."

"राहू दे कोरी," मी म्हटलं.

तिनं कागदाची घडी करून कमरेला खोचला. रागावली असती तर बरं झालं असतं.

बांबू निघाले. दुसऱ्या वर्षी आजार मोठा होऊन परत आला आणि तिला आजाऱ्यांच्या घरासमोर फवारणीला लावलं. आमची गल्ली तीन दिवस झाडली गेली नाही, तेव्हा कुठे आम्ही विचारलं, बाई कुठे आहे. कळलं, ताप आला, नागपूरला नेलं, तिथून आणलीच नाही. घरच्यांनाही लांबूनच दाखवली म्हणतात.

मी छन्नी-हातोडा काढला. मुलगा म्हणाला, "बाबा, मजूर लावतो." मी म्हटलं, "माह्यं काम हाय, मीच तोडीन." भिंतीपर्यंत सगळा ओटा काढायला चार दिवस लागले. माझा माल पक्का होता, याचा मला जन्मात पहिल्यांदा राग आला.

मग सही करायला नगरपालिकेत गेलो. तो बाबू बदलून गेला होता. नव्यानं विचारलं, "कोणता अर्ज, बाबा?" त्याला ती बाई माहीत नव्हती आणि गल्लीही. आता पांढुर्णा जिल्हा झाला, गाड्या वाढल्या. माझ्या घरासमोर जागा झाली म्हणून तिथं त्या जरा जास्तच जोरात जातात.

तिच्या जागेवर तिची सून लागली आहे. ती माझ्याशी बोलत नाही. तिच्या ठिकाणी मीही बोललो नसतो. भल्या सकाळी गाड्या सुरू व्हायच्या आधी येते आणि झाडत झाडत थेट माझ्या भिंतीपर्यंत येते. भिंतीच्या आतल्या बाजूला माझी खाट आहे. खराट्याच्या काड्या भिंतीला घासतात, ते मला पडल्या पडल्या ऐकू येतं. ओटा होता तोवर हा आवाज घरात कधी आला नव्हता.